हेरमान विलेम डांडेल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा माणूस नक्की कोण, आधी एवढं सांगा

डच होता. जन्म २१ ऑक्टोबर १७६२, गेल्डरलंड प्रांतातल्या हात्तेम नावाच्या छोट्या गावात. मृत्यू २ मे १८१८, पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एल्मिनाला. मधल्या पंचावन्न वर्षांत वकील, बंडखोर, परागंदा, फ्रेंच फौजेतला जनरल, दोन सत्तापालटांमागचा हात, शेतकरी, मार्शल, जावाचा (आजच्या इंडोनेशियातलं बेट) गव्हर्नर जनरल, मग रशियाच्या मोहिमेत नेपोलियनचा जनरल आणि शेवटी गोल्ड कोस्टचा गव्हर्नर. इंडोनेशियात आजही शाळेतल्या पोराला हे नाव माहीत असतं, त्या मानाने नेदरलँड्समध्ये त्याची आठवण कमीच निघते.

राजकारणात कसा आला? घराणं मोठं होतं का?

गावापुरतं मोठं. बाप हात्तेमच्या कारभारात होता, पोराने हार्डरवाइकच्या विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट घेतली १७८३ ला, आणि गावच्या कौन्सिलात बसायचं एवढीच तेव्हा इच्छा. पण त्या काळी डच प्रजासत्ताकात स्टॅडहाउडर नावाचं पद होतं, वंशपरंपरागत, जवळपास राजाच म्हणा, आणि गावोगावच्या नेमणुका त्याच्या मर्जीने व्हायच्या. त्याने डांडेल्सची नेमणूक अडवली. तेव्हा 'पेट्रियट' म्हणून सुधारणावाद्यांची चळवळ जोरात होती, हा त्यात घुसला, आणि १७८६ च्या सप्टेंबरात स्टॅडहाउडरने हात्तेमवर सैन्य पाठवलं तेव्हा गावाच्या बचावाला जे उभे राहिले त्यांच्यात हा पुढे होता. गाव पडलं. पुढच्या वर्षी प्रशियाचं सैन्य स्टॅडहाउडरच्या मदतीला आलं आणि चळवळच आडवी झाली, मग हे सगळे हजारोंच्या संख्येने फ्रान्सला पळाले.

म्हणजे लक्षात घ्या, सुरुवात कुठून आहे, तर "वरून नेमलेली माणसं नकोत, लोकांनी निवडलेली हवीत" इथून. हे पुढे जावाला पोचल्यावर आठवायचंय.

परत कसा आला मग?

फ्रेंच सैन्याबरोबर. फ्रान्समध्ये क्रांती झाली, पळून आलेल्या डच लोकांची एक बटाव्हियन लीजन उभी राहिली, त्यात हा लेफ्टनंट कर्नल, आणि १७९४ पर्यंत फ्रेंच सैन्यात ब्रिगेडियर जनरल. त्या वर्षीचा हिवाळा भयंकर कडक होता, हॉलंडचं खरं संरक्षण म्हणजे त्यांच्या नद्या, आणि त्याच गोठल्या, सैन्य सरळ बर्फावरून चालत पलीकडे गेलं. स्टॅडहाउडर १८ जानेवारी १७९५ ला मासेमारीच्या बोटीत बसून इंग्लंडला पळाला आणि इकडे बटाव्हियन रिपब्लिक जाहीर झालं. डांडेल्स आता नव्या डच सैन्याचा लेफ्टनंट जनरल.

या पळालेल्या साहेबाने इंग्लंडात बसून डच वसाहतींना पत्रं धाडली की इंग्रजांना आत घ्या. त्यातून केप, सिलोन, मलाक्का आणि आपल्याकडचं कोचीन, एकेक करत इंग्रजांच्या ताब्यात गेलं. जावा तेवढं उरलं. डांडेल्सला तिकडे का पाठवलं याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दोन सत्तापालट म्हणजे काय प्रकार?

एकाच वर्षात, १७९८ मध्ये. नव्या रिपब्लिकला राज्यघटना करायची होती आणि संसदेत नुसती भांडणं चालली होती, एक गट म्हणतो देश एकसंध हवा, दुसरा म्हणतो जुने प्रांत आपापले राहू द्या. २२ जानेवारीला एकसंधवाल्या जहाल गटाने विरोधकांना उचललं आणि सत्ता घेतली, डांडेल्स त्यांच्या मागे उभा. घटना झाली, सार्वमत झालं. पण मग त्याच लोकांनी नव्याने धड निवडणुका न घेता खुर्च्यांवर बसून राहायचं ठरवलं. डांडेल्सचं त्यांच्याशी फाटलं, तो पॅरिसला जाऊन तिथल्यांची अनुमती घेऊन आला आणि १२ जूनला सैनिक घेऊन थेट घुसला.

संचालक मंडळातले, म्हणजे सरकार चालवणाऱ्यांतले, तिघे तेव्हा फ्रेंच राजदूत देलाक्र्वा याच्याबरोबर जेवत होते. भर जेवणात हा आत, आणि राजदूताच्याच छातीवर पिस्तुलं रोखली गेली. राजनैतिक संरक्षण वगैरे राहिलं बाजूला. (हा देलाक्र्वा म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रकाराचा कागदोपत्री बाप, पोरगं तेव्हा जेमतेम दीड महिन्याचं.) त्यानंतर निवडणुका झाल्या हे खरं. पण पाच महिन्यांपूर्वी ज्यांना बसवलं त्यांनाच उठवलं हेही खरं, आणि दोन्ही वेळा लोकशाहीच्या नावाने बंदूकच काढली.

मग सैन्यातून बाहेर का पडला?

१७९९ ला इंग्रज आणि रशियन सैन्य उत्तर हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरलं, कालान्त्सोखला ते अडवायची जबाबदारी याची, आणि ते जमलं नाही. मोहीम पुढे इंग्रजांच्या अंगाशी आली, शेवटी त्यांना परत जावं लागलं, पण डांडेल्सवर टीका झाली ती झालीच. दोन-तीन वर्षांत राजीनामा देऊन गावाजवळ हेर्डेला माळरान ताब्यात घेऊन शेती करत बसला. १८०६ ला नेपोलियनने आपला भाऊ लुई याला हॉलंडचा राजा केला, तेव्हा हा पुन्हा वर्दीत.

हो, राजा. ज्याने राजासारख्या माणसाविरुद्ध तारुण्य घालवलं तो आता राजाचा मार्शल. त्याला स्वतःला यात काही खटकलं असेल असं त्याच्या वागण्यातून तरी दिसत नाही.

जावाला कोणी पाठवला आणि कशासाठी?

राजा लुईने, नेमणूक जानेवारी १८०७ ची. कामं दोन, इंग्रजांपासून जावा वाचव आणि तिथला कारभार सुधार. डच ईस्ट इंडिया कंपनी भ्रष्टाचार आणि कर्जात बुडून १७९९ च्या अखेरीस संपली होती, तिचं सगळं सरकारच्या गळ्यात आलेलं, पण बटाव्हियातले, म्हणजे आजच्या जाकार्तातले, जुने अधिकारी अजून कंपनीच्याच थाटात जगत होते.

समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा, त्यामुळे गव्हर्नर जनरल साहेब लवाजमा घेऊन गेले नाहीत, लिस्बन, कॅनरी बेटं करत शेवटी एका अमेरिकन जहाजातून गुपचूप गेले आणि १८०८ च्या जानेवारीत जावाच्या पश्चिम टोकाला आन्येरला उतरले.

ती कंपनी म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीवालीच का?

तीच. वेंगुर्ल्याची वखार १७ व्या शतकातली, पडकी का होईना अजून उभी आहे. पण डांडेल्सचा तिच्याशी संबंध नाही, तो जावाला पोचायच्या शंभरेक वर्षं आधीच डच लोक तिथून गेलेले.

ग्रेट पोस्ट रोड बद्दल सांगा, सगळे तेच विचारतात

आन्येर ते पानारुकान, जावाच्या पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत, साधारण १००० किलोमीटर. काम १८०८ ला सुरू झालं आणि मुख्य भाग वर्षभरात झाला असं मानतात. सगळाच नवा नव्हता, जुने तुकडे होते ते जोडले, रुंद केले, आणि डोंगरातला भाग, म्हणजे बोगोर, बांडुंग, सुमेडांग इकडचा, तो फोडून काढला. ठरावीक अंतरावर टपालाची ठाणी, तिथे घोडे बदलायचे. पूर्वी बटाव्हियाहून सुराबायाला जायला महिना उलटून जायचा, ते आता आठवड्याभरावर आलं. मूळ हेतू लष्करी होता, इंग्रज कुठेही उतरले तर फौज तिकडे पळवता यावी. कॉफी बंदरावर आणायला उपयोग झाला तो सोबतचा फायदा, आणि तोही लहान नव्हता.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. ज्या शेतकऱ्यांनी रस्ता केला त्यांच्या रेड्यांच्या गाड्यांना त्या रस्त्यावरून जायला मनाई होती, चाकांनी रस्ता खराब होतो म्हणून. त्यांच्यासाठी बाजूने वेगळी कच्ची वाट. वर चांगला रस्ता साहेबांच्या बग्ग्यांना आणि टपालाला, खालून चिखलातून गावकरी.

किती लोक मेले?

१२,००० हा आकडा सगळीकडे दिसतो, तो इंग्रजांकडच्या लिखाणातून आलाय, आणि इंग्रज डांडेल्सचे शत्रू होते हे विसरू नका, त्यांना आपण किती चांगले हे दाखवायचंच होतं. पण म्हणून आकडा खोटा आणि विषय संपला असंही नाही. डोंगरातला दमट पट्टा, मलेरिया, लांबून आणलेली माणसं, वर घाई, यात माणसं मोठ्या संख्येने मेली यावर फारसा वाद नाही.

वाद आहे तो मजुरीवर. एक बाजू म्हणते सगळी वेठबिगारी. दुसरी बाजू कागद दाखवते की बोगोरच्या पुढच्या डोंगरी भागासाठी डांडेल्सने मजुरीचे पैसे मंजूर केले होते, ते स्थानिक सरदारांमार्फत वाटायचे होते, आता त्यांनी ते खाल्ले की काय कोण जाणे. पूर्वेकडच्या भागात मात्र पैशांची भानगडच नाही, तिथल्या रीजंटांना, म्हणजे मुलखामुलखाच्या स्थानिक सरदारांना, सांगितलं माणसं द्या, आणि त्यांनी जुन्या पद्धतीने वेठीला धरून दिली. मला विचाराल तर "पैसे मंजूर केले होते" हे वाक्य बचाव म्हणून फार तोकडं आहे. ज्या माणसाने बारीकसारीक प्रत्येक गोष्टीत स्वतः नाक खुपसलं, अधिकाऱ्यांना नुसत्या नजरेने कापायला लावलं, त्याला मजुरांच्या हातात पैसे पडतायत की नाही एवढंच नेमकं बघता आलं नाही, हे पटत नाही.

सुमेडांगच्या त्या पुतळ्याची गोष्ट खरी आहे का?

चादास पांगेरान नावाच्या घाटात पुतळा आहे, तिथला सरदार, ज्याला पांगेरान कोर्नेल म्हणतात, डांडेल्सशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतोय आणि उजवा हात कमरेच्या क्रिसवर, म्हणजे त्यांच्या वाकड्या कट्यारीवर. गोष्ट अशी की खडक फोडताना रयत मरत होती म्हणून त्याने गव्हर्नर जनरलला तोंडावर सुनावलं. गोष्ट झकास आहे. पण तिथल्या खडकावरच्या लेखात काम १८११-१२ चं दिलंय, आणि डांडेल्स १८११ च्या मध्यात जावा सोडून गेला होता. तेव्हा गोष्ट गोष्ट म्हणून ऐकायची. बांडुंगमध्ये काठी रोवून "मी परत येईन तेव्हा इथे शहर दिसलं पाहिजे" म्हणाला ही दुसरी अशीच. रस्त्याजवळ राजधानी हलवायला त्याने लावलं एवढं मात्र पक्कं, आणि बांडुंग आपला वाढदिवस २५ सप्टेंबर १८१० धरतं.

जावाच्या राजांशी त्याचं का वाजलं?

हा भाग मराठी वाचकाला पटकन कळेल कारण पुण्यातला रेसिडेंट आपण इतिहासात वाचलाय. योग्याकार्ता आणि सुराकार्ता इथे डच रेसिडेंट असायचे, पण दरबारात त्यांना सुलतानाचा मान ठेवावा लागायचा, टोपी काढायची, खाली बसायचं, विडा-मद्य पुढे करायचं. डांडेल्सने १८०८ च्या जुलैत फर्मान काढलं की आता हे रेसिडेंट नाहीत, हॉलंडच्या राजाचे 'मिनिस्टर' आहेत. टोपी डोक्यावरच राहील, डोक्यावर सोनेरी-निळी अब्दागिरी धरली जाईल, सुलतानाने उठून स्वागत करायचं आणि शेजारी त्याच उंचीवर बसवायचं.

सुराकार्ताच्या सुनानने, म्हणजे तिथल्या राजाने, मान तुकवली. योग्याकार्ताचा दुसरा हामेंग्कुबुवोनो खमका होता, त्याने आपल्या सिंहासनाखाली एक लाकडी पाट सरकवला आणि रेसिडेंटपेक्षा उंच तो उंचच राहिला. हसू येतं, पण ज्या दरबारात कोण किती उंच बसतो यावर राज्य कोणाचं हे ठरतं तिथे तो पाट म्हणजे सरळ राजकीय उत्तर होतं. १८१० च्या अखेरीला मादियुनचा सरदार रादेन रोंगो याने बंड केलं, मारला गेला, आणि डांडेल्स फौज घेऊन योग्याकार्ताला आला, ३१ डिसेंबरला सुलतानाला बाजूला करून युवराजाला बसवलं, वर दंड म्हणून खजिना रिकामा केला. याच रोंगोचा मुलगा सेंतोत पुढे योग्याकार्ताचा राजपुत्र दिपोनेगोरो याच्या युद्धात, १८२५ ते ३०, घोडदळ घेऊन डचांशी लढला.

पश्चिम जावातल्या बांतेनमध्ये तर याहून वाईट. बंदर बांधायला सुलतानाकडून मजूर मागितले, दलदलीत ते रोगाने पटापट मरायला लागले, सुलतानाने हात आखडता घेतला, डचांचा दूत मारला गेला आणि मग डांडेल्सने राजवाडा उद्ध्वस्त केला, प्रधानाला ठार केलं, सुलतानाला अंबोन बेटावर हद्दपार केलं. सुरोसोवान राजवाड्याचे नुसते अवशेष आज दिसतात.

चांगलं काहीच केलं नाही का?

केलं की. अधिकाऱ्यांना नीट पगार लावले आणि नजराणे घेणं बंद केलं, निदान कागदावर. जावाचे जिल्हे पाडले, कोर्टं बसवली ज्यात स्थानिक माणसाचा खटला स्थानिक रिवाजाने चालावा. जुनं बटाव्हिया म्हणजे कालव्यांचं, डासांचं, मरणाचं शहर होतं, त्याचा किल्ला पाडून वस्ती दक्षिणेला वेल्टेव्रेडेनकडे हलवली. तिथे त्याने बांधायला घेतलेला मोठा वाडा त्याच्या हयातीत पुरा झाला नाही, १८२८ ला झाला, आज जाकार्तात अर्थखात्याच्या आवारात आहे.

पण त्याच पगारदार कारभारात जावाचे रीजंट, जे आपापल्या मुलखाचे राजे होते, ते सरकारी नोकर झाले. कॉफीची सक्ती वाढली. पैसे संपले तेव्हा मोठमोठे मुलूख खासगी लोकांना विकले, प्रोबोलिंगो तर एका चिनी जमीनदाराला दहा लाखांना, आणि त्या येणाऱ्या हप्त्यांच्या भरवशावर कागदी नोटा छापल्या, ज्यांची किंमत लवकरच घसरली. जमिनीबरोबर माणसंही गेली ना, नवा मालक वसुली करणार. १८१३ ला तिथे उठाव झाला आणि तो जमीनदार मारला गेला.

स्वतः भ्रष्ट होता का?

आरोप झाले. बाईटेनझोर्ग, म्हणजे आजचं बोगोर, तिथली सरकारी इस्टेट स्वतःच्या नावावर आणि मग तिचे भाग विकून पैसा केला हा मुख्य. त्याने ज्यांच्या खुर्च्या काढल्या ते जुने अधिकारी हॉलंडला तक्रारी धाडत होतेच, त्यांचे हेतू स्वच्छ नव्हते, पण इस्टेटीचा व्यवहार त्यांनी काही कल्पनेतून काढलेला नाही. १८१४ ला डांडेल्सने आपल्या कारभाराचा बचाव करणारं जाडजूड पुस्तक छापलं, कागदपत्रांसकट.

मग इंग्रजांनी जावा घेतलं ते याच्याच काळात?

नाही, थोडक्यात वाचला. १८१० ला नेपोलियनने हॉलंड सरळ फ्रान्सला जोडून टाकलं, बटाव्हियावर फ्रेंच झेंडा लागला, आणि मे १८११ मध्ये याच्या जागी यान्सेन्स आला, ज्याने १८०६ ला केप कॉलनी इंग्रजांना दिली होती, नशीब बघा. ऑगस्टमध्ये इंग्रज उतरले आणि सप्टेंबरात यान्सेन्सने तहावर सही केली. ही मोहीम निघाली हिंदुस्थानातून, गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो स्वतः बरोबर, आणि सैन्यात मोठ्या संख्येने बंगालचे शिपाई. १८१२ ला योग्याकार्ताचा राजवाडा लुटला गेला तेव्हाही हे हिंदी शिपाई तिथे होते. डांडेल्सने बांधलेल्या तटबंद्या आणि वाढवलेली फौज काही आठवड्यांत कोसळली, म्हणजे ज्या कारणासाठी एवढी माणसं राबवली ते कारणच हातून गेलं, रस्ता तेवढा इंग्रजांना आयता मिळाला.

रशियात काय केलं?

१८१२ ला नेपोलियनच्या सैन्यात एका डिव्हिजनचा प्रमुख, बेरेझिना नदीच्या लढाईत होता, मग पोलंडमधला मोडलिन किल्ला १८१३ च्या अखेरपर्यंत धरून बसला. शरण गेला तोवर हॉलंडमध्ये जुन्या स्टॅडहाउडरचा मुलगा परत आला होता आणि लवकरच राजा झाला. डांडेल्सने त्यालाही आपली सेवा देऊ केली.

आणि त्याने ठेवून घेतला?

घेतला, पण लांब पाठवून. गोल्ड कोस्ट, आजचं घाना, १८१६ ला एल्मिनाच्या किल्ल्यात पोचला. हॉलंडने १८१४ ला गुलामांचा व्यापार बंद केला होता, एल्मिना त्याच व्यापारावर जगलेलं, आता तिथे करायचं काय हा प्रश्न. डांडेल्सचं उत्तर ओळखा. रस्ता! एल्मिनापासून आत अशांती राज्याची राजधानी कुमासीपर्यंत, शिवाय कापूस-कॉफीचे मळे. हायडेकोपर नावाच्या मिश्र वंशाच्या अधिकाऱ्याला दूत म्हणून कुमासीला पाठवलं, त्याची डायरी आज अशांतीच्या इतिहासासाठी कामाची आहे. रस्ता झाला नाही. इथे जावासारखे हुकूम ऐकणारे रीजंट नव्हते आणि मागे फौजही नव्हती, किनाऱ्यावरच्या राजांना विचारून, पटवून चालावं लागायचं, आणि ते याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. दोन वर्षांत तापाने गेला, एल्मिनाच्या डच दफनभूमीत पुरलंय. पेशवाईचा शेवट व्हायला तेव्हा एक महिना बाकी होता, बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तो ३ जून १८१८ ला.

क्रांतिकारक माणूस हुकूमशहा कसा झाला?

झाला नाही हो, पहिल्यापासून तसाच होता. जुन्या सरंजामदारांचा राग खरा होता, हात्तेमलाही आणि योग्याकार्तालाही. सुलतानाला खाली बसवणं त्याला स्टॅडहाउडर हटवण्यासारखंच वाटत असणार. फरक एवढा की हॉलंडमध्ये सरंजामदार हटवून निदान नावाला तरी नागरिकाचं राज्य येणार होतं, जावामध्ये हटवून त्याचं स्वतःचं. रयतेला मत विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यात त्या बेटावर एकदाही आलं नाही.

इंडोनेशियात "जलान डांडेल्स" दिसतो तोच हा रस्ता का?

नाही, इथे बरेच जण फसतात. तो दक्षिण किनाऱ्यावरचा, केबुमेन-पुर्वोरेजोकडचा, आणि त्याचं नाव नंतरच्या काळातल्या त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका डच अधिकाऱ्यावरून पडलंय. ग्रेट पोस्ट रोड बराचसा उत्तर किनाऱ्याने जातो, त्याचे तुकडे आज नेहमीच्या हायवेत मिसळलेत. बघायचा असेल तर आन्येरच्या दीपगृहाजवळ शून्य किलोमीटरची खूण आहे, आणि बांडुंगला जलान आसिया-आफ्रिकावर दुसरी, ती भर शहरात आहे, चालत जाता येतं.